वाचलेलं कुठं गेलं?

चि. बाळास,



परवा तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते, नीट बोलणं झालं नाही. शेती, सौर वीज आणि देशाची आर्थिक वाढ यांचा हवेतल्या वायूंशी काय संबंध आहे यावर तुला कॉलेजात लिहायचं आहे आणि आत्याकडून तुला गावाकडची बाजू हवी आहे. फोनवर मला आकडे सांगता येत नाहीत. वही समोर लागते, चष्मा लागतो, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, आता सहा वर्षं आपली ही चार एकरांची शेती बघते. दोन्हीकडं बघून जे मला कळलं ते लिहिते. तुझ्या पुस्तकात असेल ते पुन्हा सांगत बसत नाही.

सुरुवात मोटरपासून करते. तू लहान असताना मे महिन्यात इकडं आलीस की रात्री अकराच्या पुढं आबा बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडायचे, आठवतं? तू एकदा रडून रडून त्यांच्या मागं लागली होतीस. ते उसाला पाणी पाजायला जायचे. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री यायची, आणि रात्रीचा फेरा आला की सगळी आळी शेतात. पायाखाली चिखल, सरीत साप, अलीकडं उसात बिबट्याही. तुझी आजी कडी न लावता जागी बसून असायची. या नदीकाठच्या घराघरांत अशा किती रात्री गेल्या असतील, त्याची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

मग ऑटोस्विच आला. स्टार्टरला एक छोटी डबी जोडायची, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आबांची झोप व्हायला लागली ते बरंच झालं. पण लाईट दोनला यायची आणि सकाळी सातपर्यंत मोटर चालायची. पहाटे जाऊन बघावं तर सऱ्या तुडुंब भरून पाणी बांधावरून ओढ्याला लागलेलं.

मागच्या वर्षी आपला फिडर सौरवर गेला. 2017 साली राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली होती, राळेगणसिद्धीला त्यातला सुरुवातीचा प्रकल्प झाला. 2023 पासून तिचा दुसरा टप्पा जोरात सुरू आहे. सबस्टेशनच्या जवळपास सौर पॅनेलचं शेत उभं करायचं आणि ती वीज थेट शेतीच्या फिडरवर दिवसा सोडायची, अशी ती व्यवस्था. आपल्याकडं ते पॅनेल गायरानावर बसले. आता सकाळी नऊच्या सुमारास लाईट येते आणि संध्याकाळी जाते. बायका दारं धरायला जायला लागल्या, जे रात्री कधी शक्य नव्हतं. मी स्वतः दिवसाउजेडी सरीत उभी राहून पाणी पाजते. या एका गोष्टीसाठी मी त्या योजनेला हात जोडते. फक्त ज्या धनगरांची मेंढरं त्या गायरानावर चरायची, त्यांना आता डोंगरापर्यंत हाकावी लागतात. हेही तुझ्या लिखाणात येऊ दे.

आता हिशेब. आपली मोटर 5 एचपीची. तासाला साधारण 4 युनिट धर. आठ तास चालली तर 32 युनिट. ग्रिडमधली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, म्हणून एका युनिटमागं साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे एका मोटरच्या एका दिवसामागं 22 किलोच्या आसपास. ती वीज उन्हातून आली की हे 22 किलो वाचले. शिवाय कोळशाच्या केंद्राला पाणी लागतं ते वेगळंच. परळीचं औष्णिक केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. उन्हाला पाणी लागत नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं. पण ऑटोस्विच तसाच राहिला, बाळा. आणि 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरांना राज्यात वीज मोफत झाली. लाईट दिवसाची, उन्हाची आणि फुकटची. मग ती बंद कोण करणार? पूर्वी रात्री पाच तास पाणी वाहायचं, आता दिवसा आठ तास वाहतं. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, शिरोळ या पट्ट्यात जमिनी क्षारपड होऊन पांढऱ्या पडल्या त्या याच सवयीनं, आणि प्रयोगशाळेत तिकडच्या मातीचे नमुने मी वर्षानुवर्षं तपासले. पण तुझा प्रश्न वायूंचा आहे, म्हणून पुढची गोष्ट नीट समजून घे. या पाण्याची गाठ युरियाशी पडते.

युरियाची गोणी तू पाहिली आहेस. पूर्वी 50 किलोची असायची, 2018 पासून 45 किलोची झाली. सोसायटीत 266 रुपये 50 पैशांना मिळते, आणि तिच्या शेजारी ठेवलेली डीएपीची 50 किलोची गोणी 1350 ला. शेतकरी कुठली उचलणार ते सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी जवळजवळ आठ गोण्या होतात. दहा-बारा टाकणारे मला माहीत आहेत. पानाचा रंग काळपट हिरवा झाला की समाधान वाटतं, त्यासाठी टाकतात. माझ्याकडून मातीचा अहवाल घेऊन जायचे आणि तो आढ्याला खोचून ठेवायचे.

एका गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असतं. पिकाच्या मुळापर्यंत त्यातलं निम्मंही पोचत नाही. उरलेलं काही अमोनिया होऊन उडतं, काही पाण्याबरोबर खाली झिरपतं, आणि जमीन पाण्यानं भरलेली असली, मातीतल्या पोकळ्यांत हवा उरली नाही, की तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. त्या धडपडीत नायट्रस ऑक्साइड सुटतो. जगभराचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ साधारणपणे दिलेल्या नत्राच्या 1 टक्का नत्र असं उडून जातं असं धरतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता धरून ठेवतो. वहीत मांडलेलं उतरवून देते: 20.7 किलोचा एक टक्का 0.207 किलो नत्र, त्याचा नायट्रस ऑक्साइड होतो 0.325 किलो, गुणिले 273, म्हणजे 89 किलो. याशिवाय युरिया मातीत मोडला की कारखान्यात त्यात बांधलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, तो गोणीमागं 33 किलो. मिळून 122 किलो. एक लिटर डिझेल जाळलं की 2.7 किलोच्या आसपास पडतो, तेव्हा 45 किलोची एक गोणी म्हणजे 45 लिटर डिझेल. कारखान्यात युरिया बनवताना नैसर्गिक वायू जळतो तो यात धरलेला नाही.

आता मोटरचे एका दिवसात वाचलेले 22 किलो आणि या गोणीचे 122 किलो शेजारी ठेवून बघ. उन्हाची वीज आली म्हणून पाणी जास्त सोडलं, आणि ओल्या मातीत युरिया फेकला, तर एका हातानं वाचवलेलं दुसऱ्या हातानं हवेत गेलं. माझं शेताविषयी जे म्हणणं आहे तेच देशाविषयीही आहे, म्हणून इथंच लिहून ठेवते. नवीन काय आलं एवढं विचारून थांबू नकोस. वाचलेलं कुठं गेलं ते विचार.

हे मला माझ्याच रानात कळलं. निवृत्त झाले त्या वर्षी अडीच एकरांना ठिबक केलं. पाणी निम्म्यावर आलं, खत पाण्यातून थोडं थोडं द्यायला लागले म्हणून युरियाही उतरला. फार आनंद झाला होता. आणि त्या आनंदात मी काय केलं, तर वाचलेल्या पाण्यावर ओढ्याकडची दीड एकर, जिथं आबा ज्वारी-हरभरा करायचे, तिथं ऊस लावला. दोन वर्षांनी वही काढून बेरीज केली तेव्हा एकूण पाणी जवळपास पूर्वीइतकंच आणि एकूण युरिया थोडा जास्तच निघाला. एकरी आकडे उत्तम, बेरीज बिघडलेली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1865 मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशावर चालायला लागली तेव्हा इंजिनं वाढली आणि देशाचा कोळसा जास्त जळायला लागला. तुझ्या अभ्यासक्रमात त्याचं नाव येईलच. आलं की ओढ्याकडची दीड एकर आठव. त्यात आता पुन्हा हरभरा आहे.

पाचटाचं सांगते. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाला रानात पडतो. आबांच्या काळात, आणि खरं सांगायचं तर माझ्याही पहिल्या दोन हंगामांत, आम्ही तो पेटवत होतो. तू ती आग पाहिलेली नाहीस. संध्याकाळी वारा पडला की एका कोपऱ्याला काडी लावायची. पहिल्यांदा नुसती तडतड ऐकू येते, मग फड एकदम धडधडतो, ज्वाळा माणसाच्या वर जातात आणि काळ्या चिंध्या तरंगत गावावर येतात. दुसऱ्या दिवशी दोरीवरची धुणी पुन्हा धुवायची. सकाळी रानात गेलं की राख पायाला ऊन लागायची आणि मातीत एक गांडूळ दिसायचं नाही.

लोक का पेटवतात हे समजून न घेता त्यांना दोष देऊ नकोस. पाचट ठेवलं तर खोडव्याला पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, कुट्टी करायला ट्रॅक्टर आणि यंत्राचं भाडं लागतं. तोडायला टोळी मिळत नाही तेव्हा तर उभा ऊसच पेटवला जातो. पाला गेला की तोड लवकर होते. जळीत ऊस म्हणून कारखाना दरात कपात करतो, तरी शेतकरी ती सोसतो, कारण रान मोकळं व्हायला हवं असतं. या आगीमागं पैसा आहे, मजूर आहे, कारखान्याचं वेळापत्रक आहे. तुझ्या प्रश्नातला आर्थिक भाग तो हाच.

ती आग धुमसते तेव्हा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही सुटतो, काजळी तर डोळ्यांना दिसते. आणि जमिनीत जायला हवा होता तो कर्ब धूर होऊन जातो. आता मी सरीआड पाचट बसवते. बुडखे खाली छाटायचे, पाला कुट्टी करून सरीत दाबायचा, आणि टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू शेणकाल्यातून टाकायचे. इथं युरिया योग्य कामाला येतो, कारण कोरड्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, जिवाणूंना नत्र दिल्याशिवाय ते कुजवत नाहीत. तिसऱ्या वर्षी त्या रानात फावडं मारलं तेव्हा माती हाताला लोण्यासारखी लागली. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली होता, तो वर सरकायला लागलाय. पुढच्या खेपेला आलीस की तुला मी ती माती हातात देणार आहे.

जनावरांचं तू विचारलंस, ते थोडक्यात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबते आणि मिथेन तयार होतो. तो शेपटीकडून नाही, बहुतेक तोंडातून ढेकरेवाटे येतो. एक दुभती म्हैस वर्षाला 50 किलोच्या आसपास मिथेन सोडते, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट धरतात. मात्र तो हवेत सुमारे बारा वर्षंच टिकतो, म्हणून तो कमी केला तर गुण लवकर दिसतो. हिरवी वैरण, आंबवण आणि खनिज मिश्रण नीट दिलं तर दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन कमी होतो. दोन म्हशी राखून मुलांची फी भरणाऱ्या बाईला म्हैस वीक म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याला गोठ्यात उभा करीन. पण लिटरमागचा आकडा सुधारला म्हणून गोठ्याचा एकूण आकडा सुधारला असंही तू लिहू नकोस.

शेणाचं मात्र हातातलं आहे. आपल्या परसात आजीनं गोबरगॅस बांधून घेतला होता, लोखंडी टोपीचा. चार जनावरांचं शेण, रोज सकाळी पाण्यात कालवून काला आत. निळी ज्योत, धूर नाही, आणि बाहेर पडणारी स्लरी उसाला. आजीचा खोकला त्या शेगडीनंतर कमी झाला हे मी पाहिलंय. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी तर संडास गोबरगॅसला जोडून गावाची चूल आणि गावाची स्वच्छता दोन्ही एकत्र साधली. आपल्या संयंत्राची टोपी पुढं गंजली, भोकं पडली, आणि वर्षभर आम्ही ती तशीच चालवली. गॅस कमी येतो एवढंच म्हणायचो. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. जाळला तर चूल पेटते, गळला तर तो हवेत 28 पट. तेव्हा ते भोक बुजवणं ही हवामानाची दुरुस्ती होती, आणि आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आता फायबरची टोपी बसवली आहे आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का हे मी दर महिन्याला बघते.

भाताचं आपल्या रानात काही नाही, पण चिखलात पाणी तुंबवून ठेवलं की तिथंही मिथेन होतो, एवढं लक्षात ठेव. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक नावानं गादीवाफ्यावर, चिखलणी आणि लावणी न करता भात घेण्याची रीत बसवली. नेरळ कर्जतजवळ आहे, सुट्टीत जाऊन बघून ये.

आता देशाकडं येते. भारतानं 2024 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांना जो हिशेब दिला, तो 2020 सालचा आहे. त्यात ऊर्जेचा वाटा 75.66 टक्के, शेतीचा 13.72 टक्के. हा 13.72 चा आकडा वापरताना जपून. त्यात जनावरं आहेत, भात आहे, युरियाचा वायू आहे, पेटवलेलं पाचट आहे. पण मोटरीसाठी जळलेला कोळसा आणि ट्रॅक्टरचं डिझेल ऊर्जेच्या रकान्यात आहे, आणि खत कारखान्याचा धूर उद्योगाच्या. शेतकरी एकच आहे, त्याचा हिशेब तीन वह्यांत गेलाय. तू शेताच्या बांधावर उभी राहून लिहिणार असशील तर तो पुन्हा एका पानावर आण. हे काम कोणी मन लावून केलं तर मला फार बरं वाटेल.

त्याच हिशेबात आहे की 2005 ते 2020 या काळात देशाच्या उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन 36 टक्क्यांनी उतरलं. ही खरी मिळकत आहे, तिला कमी लेखू नकोस. पण हा माझ्या ठिबकचा एकरी आकडा झाला. उत्पन्न त्याहून वेगानं वाढलं म्हणून एकूण उत्सर्जन वाढलंच. 2025 च्या जानेवारीअखेर देशाची सौर क्षमता 1 लाख मेगावॉटच्या पुढं गेली, आणि त्याच आर्थिक वर्षात, मार्चमध्ये, कोळशाचं वार्षिक उत्पादन पहिल्यांदा 100 कोटी टनांवर गेलं. दोन्ही बातम्या आम्ही सारख्याच उत्साहानं वाचल्या. 2025 च्या जूनपर्यंत देशातल्या वीजकेंद्रांच्या क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूशिवायच्या स्रोतांचा झाला. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा 70 टक्क्यांच्या वरच आहे. पॅनेल रात्री झोपतं, कोळशाचं केंद्र झोपत नाही.

इथेनॉलचंही तसंच. आपल्या कारखान्यांनी त्यात मोठं काम केलं, उसाला दर मिळायला त्याची मदत झाली. 2013-14 मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, 2025 मध्ये 20 टक्के झालं. आता दुसरा आकडा बघ. 2014-15 मध्ये पेट्रोलचा खप साधारण 1 कोटी 90 लाख टन होता, 2024-25 मध्ये 4 कोटी टनांच्या घरात गेला. इथेनॉल वजा केलं तरी जाळलेलं पेट्रोल वाढलेलंच. आणि त्या इथेनॉलच्या उसाला मघाचा युरिया आणि मघाचं पाणी लागलेलं आहे.

यावर तू म्हणशील, मग वाढच थांबवायची का? एकदा ती थांबली होती. 2020 मध्ये देशाचं उत्सर्जन आदल्या वर्षीपेक्षा 7.93 टक्क्यांनी उतरलं. लॉकडाऊनमध्ये ते कसं उतरलं हे आपण हायवेला उभं राहून पाहिलंय. पुणे-मुंबईकडून चालत आलेली कुटुंबं, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. तुझा बाबा आणि मी आठ दिवस त्यांना भाकरी आणि ताक देत होतो. त्याच वेळी टोमॅटो रानात लाल होऊन गळत होते आणि न्यायला गाडी नव्हती. आकडा उतरला म्हणून मी त्या वर्षाला चांगलं कधीच म्हणणार नाही. आणि शेतीचं बघ, ती थांबलीच नाही. म्हशींनी रवंथ सोडला नाही, उसाला खत गेलंच. माणसं घरात बसवून हा प्रश्न सुटत नाही, आणि शेतीत तर मुळीच नाही. भारतात सरासरी माणसामागं वर्षाला 2 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकेत 14 टनांच्या आसपास. आपल्या मुलींना वीज, पंखा, फ्रीज, नोकरी हवी आहे आणि ती मिळायला हवी.

जुनं खरंच जाऊ शकतं, हेही दिसलंय. ज्या ब्रिटनमध्ये जेव्हन्सनं ते पुस्तक लिहिलं, तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. त्यांनी मधल्या काळात बरेच कारखाने बाहेर पाठवले, नैसर्गिक वायू जाळला, तेही सांगायला हवं. पण पवनचक्क्या उभ्या करून ते थांबले नाहीत, केंद्रं बंद करण्याची तारीख ठरवली आणि पाळली. माझं मत असं की आपल्याकडं नवीन उभं करण्याचे आकडे पुष्कळ आहेत, जुनं केव्हा बंद होणार याचे फार थोडे.

आपल्या उशाशी कोयना आहे, 1960 मेगावॉटची. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. मला वाटतं, दिवसा ऊन असताना कोयनेचं पाणी धरून ठेवावं आणि संध्याकाळी सहा ते दहा, सगळ्या घरांत दिवे लागतात तेव्हा सोडावं. त्या चार तासांत कोळशाची गरज जितकी उतरेल ती खरी वजाबाकी. पश्चिमेकडं सोडायच्या पाण्यावर कृष्णेच्या पाणीवाटप लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे, तेव्हा प्रत्येक थेंब कुठल्या तासाला वापरला हे महत्त्वाचं. यातलं तांत्रिक मला पुरतं येत नाही, तुझ्या सरांना विचारून मला कळव.

सोबत माझ्या वहीतल्या दोन वर्षांच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मोटरचे तास, युरियाच्या गोण्या, पाचट, दूध, डिझेल. एकरी आकडे आहेत आणि खाली बेरीज आहे. बेरजेखालचा रकाना मी रिकामा ठेवलाय, त्यात यातला प्रत्येक आकडा किलोत मांडून दे. चुकला तरी चालेल, आपण बसून दुरुस्त करू. या वर्षी चार एकरांत मिळून गोण्या पंधरावरून अकरावर आल्या आहेत. त्यातून जे पैसे वाचले त्यातले निम्मे ताग पेरायला घातले, तो गाडला की आणखी एखादी गोणी उतरेल. उरलेल्या निम्म्यांचं काय करावं हे अजून ठरवलेलं नाही.

आणि ऑटोस्विच मी गेल्या महिन्यात स्टार्टरवरून काढून टाकला. आबांच्या खुंटीला टांगलाय, आलीस की बघ. आता मोटर सुरू करायला आणि बंद करायला मलाच जावं लागतं, गुडघा दुखतो, पण सरी शेवटापर्यंत ओली झाली की लगेच कळतं. खालच्या तुकड्याला दुपारी एकला लावलं होतं. घड्याळात आता साडेतीन झालेत, पाणी बांधाला लागलं असेल. मोटर बंद करून येते आणि मग हे पाकीट पोस्टात टाकते.

तुझ्या आई-बाबांना नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या